कागद समोर ठेवून विचारावे: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वर्षभराचा अनुभव

जलसंपदा विभागातून निवृत्त झाल्यानंतर मी रोजच्या कामांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरू लागलो, त्याला आता वर्ष होत आले. मोबाईलवर फुकट मिळणारे दोन संभाषण-सहायक आणि मराठीत बोललेले टंकून देणारा कीबोर्ड, एवढाच माझा संच आहे. ही साधने सतत बदलत असल्याने नावानिशी गुण देण्यापेक्षा कोणते काम त्यांच्यावर सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत असे आहे की, कागद समोर ठेवून विचारले तर ही साधने उत्तम मदत करतात, पण नुसत्या त्यांच्या माहितीवर विसंबून विचारले तर प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख पडताळून घ्यावी लागते.

सर्वाधिक उपयोग झाला तो पत्नीच्या रक्ततपासणीच्या अहवालासाठी. त्यात क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा अंदाज) नावाची ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा ठळक छापलेला होता. नाव आणि मोबाईल क्रमांक झाकून मी त्या पानाचे छायाचित्र दिले आणि सोप्या मराठीत समजावून सांगण्यास सांगितले. ईजीएफआर वेगळा मोजला जात नाही, तर क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढला जातो. एकदाच कमी आलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नाहीत, तो 60 च्या खाली तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ राहिला तर मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा विचार होतो, असे उत्तर आले. त्यानंतर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हेही मी विचारले. गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा त्या चालू ठेवाव्यात का, हा प्रश्न त्यात होता आणि तो आम्हाला स्वतःहून सुचला नसता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि तपासणी पुन्हा करण्यास सांगितले. औषधाची मात्रा मात्र आम्ही या साधनांना कधीही विचारत नाही आणि इतरांनीही विचारू नये, असे मला मनापासून वाटते.

गृहनिर्माण संस्थेच्या कामातही हाच अनुभव आला. भाड्याने दिलेल्या सदनिकांवर संस्थेने किती बिनभोगवटा शुल्क आकारावे, यावर आमच्याकडे वार्षिक सभेपूर्वी वाद चालू होता. नुसते विचारले तेव्हा मोघम उत्तर मिळाले. उपविधींची फाईल जोडून विचारले तेव्हा साधनाने सेवा शुल्काच्या कमाल 10 टक्क्यांची मर्यादा दाखवली आणि ती ज्या उपविधीत आहे त्याचा क्रमांकही दिला. मी ते पान उघडून पाहिले, तिथे तसेच लिहिलेले होते. राज्य शासनाने ही मर्यादा 2001 मध्येच घालून दिलेली आहे, तरी आमच्या सभासदांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक होती.

कागदाशिवाय विचारलेल्या प्रश्नांचा अनुभव याच्या उलट आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या मुदत ठेवीवरील व्याज किती झाले म्हणजे बँक टीडीएस कापते, या प्रश्नाला एका साधनाने ठामपणे 50 हजार रुपये असे उत्तर दिले. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 1 लाख रुपये झालेली आहे. आमच्या नाशिकच्या कुंभमेळ्याच्या बाबतीतही तेच घडले. तिसरे अमृतस्नान नाशिकला 11 सप्टेंबर 2027 रोजी आणि त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबर रोजी असल्याचे जाहीर झालेले असताना, साधनाने दोन्हीकडे एकच तारीख सांगितली. त्या दिवसांत घरी पाहुणे येणार असतील तर एका दिवसाच्या फरकाने सगळे नियोजन कोलमडेल. ही साधने प्रचंड मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर रचतात आणि त्यांचे शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबलेले असते, हे कळल्यापासून मी प्रश्नासोबतच ‘इंटरनेटवर शोधून अधिकृत संकेतस्थळाची लिंक दे’ असे सांगतो. त्याने चुका कमी झाल्या. तरी लिंक उघडून पाहण्याला पर्याय नाही.

कागद समोर असूनही पूर्ण फसगत झाली ती मोडी लिपीच्या बाबतीत. घरातील एका जुन्या मोडी कागदाचे छायाचित्र मी दोन्ही साधनांना दिले, तेव्हा दोघांनीही सफाईदार मराठी मजकूर दिला, पण त्या दोन मजकुरांत एकही वाक्य जुळत नव्हते. अखेर तो कागद मोडी जाणणाऱ्या एका परिचितांना दाखवला. तो जमिनीच्या गहाणखताचा निघाला आणि दोन्ही साधनांच्या उत्तरांत गहाणाचा उल्लेखही नव्हता. छापील देवनागरी ही साधने चांगली वाचतात, हस्ताक्षर बरे असेल तर तेही बरेचसे वाचतात. मोडीसाठी मात्र माणूसच गाठावा.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणाऱ्या आमच्या मंडळींपैकी अनेकांचे हात कापतात आणि मोबाईलवरची बारीक अक्षरे टंकणे त्यांना जमत नाही. महापालिकेकडे द्यायचा पाणीपुरवठ्याचा तक्रार अर्ज त्यांपैकी एका काकांनी बोलून लिहून घेतला. संभाषण-सहायकाने त्याला अर्जाचे रूप दिले, पण भाषा इतकी जड केली की ती पुन्हा सोपी करून घ्यावी लागली.

आधार क्रमांक, बँक खाते आणि ओटीपी यांपैकी काहीही मी या साधनांना देत नाही, आणि आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू देण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली आहे. पैसे भरून मिळणारी योजना मी घेतलेली नाही. माझ्यासारख्याच्या गरजेला फुकटची मर्यादा पुरते, दिवसभरात ती संपलीच तर काम दुसऱ्या दिवशी होते.