ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी टाकून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

ज्यांचं मशीन सकाळी चालू व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतं त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी ते दोन वर्षं सहन केलंय आणि उपाय (हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) किती साधा होता हे कळल्यावर खरंच हळहळ वाटली. मशीन म्हणजे साधा डेस्कटॉप, इंटेलचा सहाव्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. काम बिलांचं, म्हणजे एक्सेल, मेल, पीडीएफ आणि ब्राउझरमधे सात-आठ टॅब, बस एवढंच.

सकाळी बटण दाबायचं, पासवर्ड टाकायचा आणि ते गोल फिरणारं बघत बसायचं. डेस्कटॉप दिसला तरी लगेच काम सुरू होत नाही, मेलवर क्लिक केलं की सगळी विंडो पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. अशा वेळी परत परत क्लिक करू नका, मागचं सगळं रांगेत साठतं आणि पाच मिनिटांनी तीच फाइल तीनदा उघडते.

या वेळात मला सांभाळलं ते आमच्या ग्रुपने. आम्ही सहा जण, शब्दकोड्याच्या एका ऑनलाइन खेळात ओळख झाली, अजून कोणी कोणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही, तरी रोज सकाळी पहिला मेसेज ठरलेला, "उठले का गं आजोबा?" आजोबा म्हणजे माझं मशीन. मग दुसरी विचारणार, "डोळे उघडलेत की अजून चष्मा शोधतायत?" आणि कोणीतरी लगेच, "हळू बोला रे, परत झोपतील." महिनाअखेर असायची, डोक्यावर साहेब, फाइल उघडत नाहीये, आणि तेवढ्यात हे वाचून हसू यायचं. त्या दिवसांत ते मला किती लागायचं हे त्यांनाही माहीत नसेल.

त्यातलाच एक कॉम्प्युटर सपोर्टमधे आहे, वयाने सगळ्यात लहान पण आम्ही त्याला काका म्हणतो. एक दिवस मस्करी थांबवून म्हणाला, "ताई, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाब आणि जे दिसेल त्याचा फोटो टाक." टास्क मॅनेजर उघडला, फोटोत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९ टक्के, मेमरी (म्हणजे रॅम) ९१, डिस्क १००. तो म्हणाला प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, सगळे डिस्कसाठी थांबलेत. डेस्कटॉपची हार्डडिस्क मिनिटाला साधारण ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांच्या वर, त्यात वाचणारं हेड एका जागेवरून दुसरीकडे सरकायला वेळ, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना अशाच हजारो छोट्या फाइली लागतात. वर रॅम भरली की विंडोज उरलेलं त्याच डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे दुहेरी मार. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. खोक्यावर ५५० एमबी वगैरे जो स्पीड छापतात त्याच्यापेक्षा हे छोट्या फाइली झटपट मिळणं जास्त महत्त्वाचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ऑफिसचं मशीन स्वतः उघडायचं नसतं, त्यामुळे अर्ज केला. आधी दोनदा "स्लो आहे" म्हणून तक्रार केली होती, काही झालं नव्हतं. या वेळी ग्रुपने सुचवलं की आकडे दे. पाच दिवस घड्याळ लावून लिहिलं, बटण दाबल्यापासून मेल उघडेपर्यंत १४, १७, १३, १६ आणि २१ मिनिटं, खाली टास्क मॅनेजरचा फोटो, आणि नवीन मशीन नको, फक्त एसएसडी आणि रॅम द्या. आठवड्यात मंजूर! २५६ जीबीची साटा (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी) एसएसडी, ८ जीबी रॅम, आणि जुनं कॉपी न करता विंडोज नव्याने टाकून घेतलं, तेही करून घ्याच.

पहिल्या दिवशी २६ सेकंदात पासवर्डची स्क्रीन आली. आज आठ महिन्यांनी ३५ च्या आत येते, मेल तीन-चार सेकंदात, पंधरा हजार ओळींची एक्सेल फाइल कुरकुर न करता.

जे सुधारलं नाही तेही सांगते. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधली फाइल तेवढीच हळू उघडते, तिथे माझी डिस्क काय करणार. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली की दोन कोअरचा प्रोसेसर शंभरला टेकतो आणि पंखा ओरडतो. चौथ्या महिन्यात मशीन परत जड वाटायला लागलं तेव्हा काकाने टास्क मॅनेजरमधे 'अप टाइम', म्हणजे विंडोज पूर्ण बंद न होता किती वेळ चालू आहे, ते बघायला सांगितलं, तर १९ दिवस! मी रोज शटडाउन करत होते, पण फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून असलेली विंडोजची सेटिंग) चालू असलं की शटडाउनला विंडोज पूर्ण बंद होतच नाही, रीस्टार्टला होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी रीस्टार्ट.

आणि खर्च करायच्या आधी प्रोसेसर नक्की बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा त्यात बसत नाही, आमच्या ऑफिसने पैसे भरून वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत म्हणून चाललंय. तुमचा आठवा किंवा पुढचा असेल तर डोळे झाकून करा.

ग्रुपवर आता मी "उठले" एवढंच टाकते आणि कामाला लागते, गप्पा मधल्या सुट्टीत. आमच्यातली एक लायब्ररीत आहे, परवा तिने तिच्या काउंटरवरच्या मशीनचा फोटो टाकला, डिस्क १००. तिच्या मशीनला आम्ही आजी म्हणतो. आज तिचा मोजणीचा तिसरा दिवस, १८ मिनिटं, अर्ज मी लिहून देतेय.