रीफ टँकचं मीठ: निळी बकेट की काळी?

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरलचं (प्रवाळांचं) खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. त्याचं पाणी कालवायच्या मिठाच्या, रेड सी कंपनीच्या दोन बकेटी दुकानात शेजारीशेजारी असतात. निळीवर नुसतं ‘रेड सी सॉल्ट’, काळीवर ‘कोरल प्रो’. काळी महाग, शिवाय नावात कोरल, त्यामुळे पहिल्यांदा रीफ करणारा बहुधा तीच घरी आणतो. बहुतेक टँकसाठी हा निर्णय उलटा पडतो. निळी घ्यावी, आणि त्याचं कारण अल्कलिनिटीच्या (थोडक्यात अल्क: पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात) एका आकड्यात आहे.

खऱ्या समुद्राच्या पाण्यात, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) खारटपणाला, अल्क साधारण ७ डीकेएच (अल्क मोजायचं एकक) असते, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आगेमागे आणि मॅग्नेशियम १२८० ते १३००. निळी बकेट याच्या जवळ बसते: अल्क ८ च्या आसपास, बाकीचे दोन आकडे समुद्राच्या हाताशी. कोरल प्रोमध्ये तिन्ही मुद्दाम चढवलेले असतात. अल्क १२ च्या आसपास, कॅल्शियम ४५० च्या वर, मॅग्नेशियम १४०० च्या जवळ. कॅल्शियम-मॅग्नेशियममधला एवढा फरक कोरलच्या खिजगणतीतही नसतो. अल्कचा मात्र असतो.

२०० लिटरचा टँक धरा, अल्क ८ वर स्थिर. १० टक्के पाणी १२ च्या मिठाने बदललं की ती ८.४ होते. चालून जातं. २५ टक्के बदललं तर ९. आणि काहीतरी बिघडलं म्हणून घाईघाईने अर्धं पाणी बदललं तर तासाभरात १०. नेमकं त्याच दिवशी कोरल आधीच त्रासलेले असतात. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक एसपीएसची (बारीक पॉलिपच्या कठीण कोरलची) टोकं पांढरी पडतात, किंवा बुडापासून मांस सुटायला लागतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेल्या टँकमध्ये टोकं जळण्याचा धोका अधिक. हाच अर्धा बदल निळ्या बकेटने केला, तर आकडा ८ वरून जवळपास हलत नाही. पाणी बदलताना अल्ककडे बघावंच लागू नये, हाच खरा गुण.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्क चढवायला काही लागत नाही, उतरवायला घाम फुटतो. तुमचा टँक ९ वर चालतो आणि मीठ ८ चं आहे, तर २० लिटर कालवलेल्या पाण्यात ०.६ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा, एक डीकेएच वाढली. (खायचा सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्लाची पूड आणि स्टार्च असतो.) उलट १२ चं पाणी ८ वर आणायचं तर आम्ल मोजून घालणं आणि मग रात्रभर हवा मारत बसणं आलं. दर आठवड्याला हा उद्योग कोण करणार?

मग काळी बकेट कोणी घ्यावी? ज्यांचा टँक मुळातच ११-१२ वर चालतो त्यांनी. आणि छोट्या नॅनो टँकवाल्यांनी, जिथे थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) आहेत आणि डोसिंग (कॅल्शियम-अल्क वेगळी मोजून घालणं) काहीच नाही. ८ च्या टँकमध्ये दर आठवड्याला २० टक्के बदल म्हणजे ०.८ डीकेएचची भर. कोरलनी आठवड्यात तेवढीच खाल्ली असेल, तर नुसत्या पाणीबदलावर हिशेब जमतो. भरलेला एसपीएस टँक मात्र एवढी अल्क एका दिवसात संपवू शकतो. तिथे कोणतीही बकेट पुरत नाही, टू-पार्ट (कॅल्शियम आणि अल्कची दोन वेगळी द्रावणं), काल्कवासर (चुन्याचं पाणी) किंवा कॅल्शियमची खडी विरघळवणारा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लागतोच. आणि डोसिंग सुरू झालं की चढवलेल्या मिठाचा उपयोगच संपला.

बाकीच्या ब्रँडनाही हीच पट्टी लावा. इन्स्टंट ओशन साधारण १० ते ११ वर निघतं. फिश-ओन्ली आणि सॉफ्ट कोरलच्या टँकला उत्तम, उगाच नाकं मुरडू नयेत. रीफ क्रिस्टल्स त्याच घरातलं चढवलेलं भावंड. त्याने कालवणीच्या पिंपात तपकिरी थर धरतो, नवा माणूस घाबरतो, पण तो पुसून टाकण्यापलीकडे त्याचं काही करायचं नसतं. ट्रॉपिक मरीन प्रो रीफ ७ ते ८ मध्ये बसतं आणि पाणी पटकन स्वच्छ होतं. मिळालं आणि परवडलं तर निळ्या बकेटच्या बरोबरीचं, कालवायला तर थोडं उजवंच. पण एसपीएस टँकमध्ये ब्रँड दर महिन्याला बदलू नका. आज ८ चं, पुढच्या खेपेला ११ चं, ही हेलकाव्याची खरी मेख आहे.

एक प्रश्न हमखास येतो: उरण-भाईंदरच्या पट्ट्यात मिठागरं असताना आयात मीठ कशाला? मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, आणि त्यानंतर मिठाचा खडा धरतो. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मागे राहतं त्या कडू पाण्यात, जे सोडून देतात. म्हणजे खडेमीठ हे जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड. रीफला जे हवं ते त्यातून आधीच निघून गेलेलं असतं. आणि थेट समुद्राचं पाणी? मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी, पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी खारटपणाही घसरतो. (पाण्याचं जाऊ द्या, मालवणच्या खडकावरून कठीण प्रवाळाचा तुकडा उचलणं सरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची त्याला लागू होते.)

आता बकेटवरच्या लिटरांविषयी. २२ किलोच्या बकेटवर ६६० लिटर लिहिलेलं असतं. भागाकार करा: लिटरला ३३.३ ग्रॅम. एवढ्यात ३५ पीपीटी होत नाही. ३५ ला लिटरमागे ३८ ग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे बकेटीतून ५७५ लिटरच्या आसपास पाणी निघतं. मिठात मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार स्वतःच्या अंगचं पाणी घेऊनच येतात, म्हणून ३५ पीपीटीला ३५ ग्रॅम पुरत नाहीत. दोन ब्रँडच्या किमती ताडून पाहायच्या तर बकेटीच्या नव्हे, ३५ पीपीटीच्या एका लिटरच्या ताडा.

कपाने मोजू नका. पावडर दाबली की कपात जास्त मावते, सैल भरली की कमी. किचनचा वजनकाटा घ्या. २० लिटरला ७६० ग्रॅम आधी घाला, आणि शेवटचा चिमूटभर हिशेब रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर).

कालवताना पाणी आधी, मीठ नंतर. बादलीत मीठ टाकून वरून पाणी ओतलं, तर तळाशी काही क्षण इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून साका बसतो. तो साका परत विरघळत नाही. पाणी दुधाळ राहतं, अल्क दोन-तीन डीकेएचने कमी लागते, आणि दोष मिठाच्या माथी जातो. पिंपात पाणी भरा, पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप) तळाशी तिरकं लावा, ते पृष्ठभाग हलवेल एवढं जोरात चालू द्या, आणि मीठ मूठमूठ भुरभुरवा. आधीची मूठ ढगासारखी फिरून पातळ झाली की पुढची. २० लिटरला दहा मिनिटं लागतात. नुसत्या एअरस्टोनने तळाचं मीठ उठत नाही.

हीटर आधीपासून लावायची गरज नाही. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून पांढरी खपली सगळ्यात आधी हीटरच्या काचेवरच धरते. २५ अंशांच्या आसपास कालवणं सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते आरओतून काढून रात्रभर घरात राहू द्या, सकाळी कालवा. खपली धरलेले पंप आणि हीटर (बटण बंद करून, गार झाल्यावर) साध्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवले की निघतात.

रेड सीची सूचना अशी की पाणी स्वच्छ झालं की जोराचं ढवळणं थांबवावं, चार तासांपलीकडे नेऊ नये. निळ्या बकेटला याची झळ कमी. कोरल प्रो मात्र दोन-चार दिवस फिरत ठेवलं की भिंतींना पांढरी कणी धरते आणि १२ ची अल्क खाली येते. पाणी कालवून आठवडाभर साठवणाऱ्याने काळी बकेट घेण्यात अर्थच नाही, चढवलेल्या अल्कचे पैसे पिंपाच्या भिंतीला चिकटतात.

पाणी आरओडीआयचं (आरओनंतर उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. घरच्या पिण्याच्या आरओला बहुधा टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू किंवा मिनरलची कांडी असते, जी चवीसाठी गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळते. नळीला मीटर लावला तर ४० ते ८० दिसतं. स्क्रू बंद करा, कांडी काढा आणि शेवटी डीआय रेझिनची एक नळी जोडा. टँकर आणि बोअरवेलवरच्या सोसायट्यांमध्ये रेझिन लवकर संपतं, म्हणून टीडीएस १ दाखवायला लागला की बदलायचं, ५ ची वाट पाहायची नाही. हे न करता मिठाला नावं ठेवण्यात काही हशील नाही.

रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. स्वस्तातले बरेचसे मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, आणि शून्याला अचूक असलेला ३५ ला दीड-दोनने चुकू शकतो. ३५ चं द्रावण विकत मिळतं. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओडीआय पाणी. याचा अपवर्तनांक ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याएवढा असतो. काटा ०.१ ग्रॅमचा हवा. थेंब काचेवर टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग वाचा.

सुटं मीठ घेऊ नका. बकेट उघडून किलोकिलोच्या पिशव्या बांधल्या की बारीक आणि जाड दाणे वेगळे होतात. एका पिशवीत कॅल्शियम जास्त, दुसरीत अल्क. पूर्ण बकेटसुद्धा गाडीतून हिंदकळत आलेली असते, तेव्हा उघडण्याआधी आडवी करून चांगली दहा-बारा वेळा लोळवा.

शेवटी पावसाळा. जूनपासून कोकणात आणि मुंबईत उघड्या मिठाला पाणी सुटतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्लोराइड तर हवेतली ओल ओढायलाच टपलेले असतात. आतली पिशवी पिळून गाठ मारा, वर रबराचं झाकण, बकेट फरशीवर न ठेवता फळीवर. ओलं मीठ वजनाला जड भरतं, त्यामुळे ३८ ग्रॅम घालूनही खारटपणा ३५ ला पोचत नाही, तो रिफ्रॅक्टोमीटरनेच भरून काढायचा. बोटांत फुटणारी ढेकळं बिनधास्त वापरा. दगडासारखी गच्च बसलेली बकेट मात्र आधी तपासा: तुकडा फोडून ३८ ग्रॅम एक लिटरमध्ये कालवा, खारटपणा ३५ ला आणा, दोन तासांनी सॅलिफर्ट किंवा हॅनाच्या टेस्टने अल्क मोजा. निळ्या बकेटची अल्क ७.५ च्या वर असेल तर मीठ शाबूत आहे. ६ च्या खाली आली आणि तळाला न विरघळणारी पांढरी भुकटी बसली, तर ओलीनेच कार्बोनेट बकेटीत बसवून टाकलंय. त्या मिठात सोडा घालून अल्क वर ओढता येते, पण गेलेलं कॅल्शियम वेगळं भरावं लागतं. एवढी खटपट रीफसाठी करू नये. ते मीठ क्वारंटाइन टँकला (नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवायच्या टँकला) वापरा, माशांना त्याने काही फरक पडत नाही.