फायबरसोबत आलेला ‘मोफत’ राउटर

नागपुरात घेतलेल्या २०० एमबीपीएसच्या फायबर योजनेबरोबर कंपनीने जो राउटर मोफत म्हणून बसवून दिला, त्याच्याबद्दल हा अभिप्राय आहे. लाइनबद्दल माझी तक्रार नाही; जोडणीला आलेल्या मुलाने वायर भिंतीच्या कडेने नीटनेटकी आणली आणि ती आजवर एकदाही तुटलेली नाही.

त्रास राउटरचा आहे : नेट अधूनमधून बंद पडते. तेव्हा राउटरवरचा पॉनचा (फायबर जोडणी चालू असल्याचा) दिवा हिरवा आणि स्थिर असतो, एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) तांबडा दिवा लागत नाही, म्हणजे फायबरमधून प्रकाश व्यवस्थित येत असतो. त्याच वेळी लॅपटॉप केबलने थेट जोडूनही राउटरचे स्वतःचे १९२.१६८.१.१ हे पान उघडत नाही. ज्या पानाला घराबाहेर जावेच लागत नाही तेही उघडत नसेल, तर यंत्रच गोठलेले आहे हे उघड आहे. पण ग्राहक सेवेचे उत्तर ठरलेले असते : ‘बंद करून परत चालू करा.’ तसे केले की नेट सुरू होते आणि सुरू झाले म्हणून तक्रारही निकाली निघते.

दुपारी हा त्रास अधिक होतो. सोबतच्या पत्रकात हे यंत्र ० ते ४० अंश तापमानात वापरावे असे छापले आहे, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. कूलरची हवा पोहोचत नाही अशा कोपऱ्यात तो डबा हात लावून पाहिला, तर चटका बसतो.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे याचे लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, १०० एमबीपीएसचे आहेत, त्यामुळे केबलने वेग मोजला तर आकडा ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आहे, ज्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरींचे पट्टे) १, ६ आणि ११ हे तीनच, आणि त्यांवर अख्ख्या इमारतीची गर्दी. चॅनेल ‘ऑटो’वरून ११ वर नेल्याने थोडा फरक पडला, गोठणे मात्र थांबले नाही. थोडक्यात, पैसे २०० चे आणि यंत्र त्याच्या निम्म्याचे.

स्वतःचा राउटर लावता यावा म्हणून ब्रिज मोड (कंपनीच्या यंत्राने फक्त लाइन पुढे द्यायची, बाकी काम आपल्या राउटरने करायचे) मागितला, तर ‘तशी सोय नाही’ असे सांगण्यात आले. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा राउटर मात्र जादा पैसे भरल्यास लगेच मिळणार आहे. नवे कनेक्शन घेणाऱ्यांनी राउटरचे मॉडेल कोणते आणि त्याचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. लाइनला चार तारे, राउटरला एक.