मातीची नागपुरी म्हैस आणि गवळाऊ जोडी

घ्यायची तर आधी म्हैस घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीकडच्या एका खेड्यातल्या या कुंभाराचे मातीचे बैल पोळ्याच्या बाजारात हातोहात जातात आणि म्हशी टोपलीत उरतात. खरा हात बसलाय तो म्हशीवरच. नागपुरी म्हशीची शिंगं लांब, चपटी, तलवारीसारखी, मानेच्या दोन्ही अंगांनी मागे खांद्याकडे गेलेली असतात. मातीत असं शिंग मोकळं सोडलं की वाळतानाच तडकतं: टोक बारीक म्हणून लवकर वाळून आकसतं, बूड ओलंच राहतं. याने शिंगाचं टोक खांद्याला टेकवून गाऱ्याने जोडलंय. जात हुबेहूब उतरली आणि शिंगाला आधारही मिळाला. फार देखणं काम आहे.

काळा रंग वरून लावलेला नाही. भाजणं संपत आलं की आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, ओल्या भुशाने आणि मातीने बंद करतात. कोंडलेल्या धुराची काजळी अंगात मुरते. ओलं फडकं घासून पाहा, काळं लागणार नाही. कपाळावरचा पांढरा पट्टा मात्र नंतर ओढलेला, तो पुसला जातो. अंग आतून पोकळ, भिंत जेमतेम १ सेंटीमीटर, पोटाखाली वाफेला वाट म्हणून भोक. भरीव अंगात ओल राहिली तर आव्यात वाफ होऊन जनावर फुटतं.

बैलांबद्दल तक्रार आहे. गवळाऊ या विदर्भातल्या बैलांच्या जातीचं लांब, अरुंद तोंड छान साधलंय, पण शिंगं खिल्लारासारखी उंच. गवळाऊची आखूडच हवीत. शिवाय डिस्टेंपरखाली पायाच्या सांध्यातली केसाएवढी चीर दडते, म्हणून बिनरंगाची जोडी मागा. बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणकन वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर आहे किंवा कच्चं भाजलंय.

अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला तर ठेवून द्या. तो चुनखडीचा खडा. भाजल्यावर त्याचा कळीचा चुना होतो, पावसाळी हवेतली ओल पिऊन फुगतो आणि महिन्याभरात तिथला टवका उडतो. माती बारीक चाळणीतून गाळली असती तर हे टळलं असतं; लहान बैलांत हा दोष जास्त दिसतो.

बसने न्यायचं असेल तर तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, आडवं ठेवा आणि चार पायांच्या मधल्या जागेतही तणस दाबून भरा. पाय तिथेच मोडतात.