व्ही-क्रॉस आणि हायलक्स: इंजिन दमत नाही, माणसं दमतात

नवा, घरच्या वापराचा, दुहेरी केबिनचा फोर-बाय-फोर पिकअप घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे गाठ दोनच गाड्यांशी पडते: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे आता जुन्या बाजारातच मिळतात. बोलेरो कॅम्पर गावोगाव दिसते, पण ती धंद्याची गाडी. या दोन गाड्यांच्या मालकांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "इंजिनाला हात लावावा लागला नाही" हे पहिलं, आणि "मागच्या सीटवर घरचे दुसऱ्यांदा बसत नाहीत" हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चेसिस, पाटे (म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मागचा ॲक्सल, इंजिन हे सगळं ओझं वाहायच्या हिशेबानं बांधलेलं आहे. हीच गाडी रिकामी, शहरात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांना वापरली की कुरकुरायला लागते, आणि दोष गाडीच्या माथी जातो.

व्ही-क्रॉस २०१६ साली आली तेव्हा २.५ लिटरचं डिझेल इंजिन होतं, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअर. २०१९ मध्ये ऑटोमॅटिकसोबत १.९ लिटरचं इंजिन आलं. २०२१ पासून बीएस-६ मध्ये, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांत, तेवढंच उरलं: १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींत सहा गिअर. जुन्या मालकांना लहान इंजिन पटत नाही, पण घाटात प्रत्यक्ष फरक उलटा जाणवतो. जुनं २.५ लिटर २००० आरपीएमच्या खाली सुस्त आहे, वळणावर वेग पडला की दुसरा गिअर टाकावाच लागतो. हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली, २.८ लिटर, २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. ताकदीत तुलना होत नाही. शिवाय हेच इंजिन फॉर्च्युनरमध्ये असल्यामुळे त्याचे भाग आणि त्याची जाण असलेले मिस्त्री जिल्ह्याच्या गावीही सापडतात. इसुझूची सर्व्हिस केंद्रं मोजकीच आहेत. गाडी पसंत करण्याआधी आपल्या गावापासून सगळ्यात जवळचं केंद्र किती किलोमीटरवर आहे ते मोजा, हा मुद्दा किमतीइतकाच मोठा आहे.

आता हादऱ्यांबद्दल. दोन्ही गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आहेत आणि मागे पाटे. मागच्या उघड्या हौद्यात काही नसताना त्या पाट्यांना वाकवण्याइतकं वजनच मागे नसतं. म्हणून गतिरोधकावर पुढची चाकं अलगद उतरतात आणि मागचा भाग उसळतो. हा बिघाड नाही, पण तो कमी मात्र करता येतो, आणि त्याची सुरुवात टायरच्या हवेपासून होते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगळे आकडे असतात. पंक्चरवाला पिकअप बघतो आणि भरल्या गाडीची हवा मारतो. सकाळी, टायर थंड असताना, रिकाम्या गाडीचा आकडा स्वतः मोजून ठेवा. निम्मी तक्रार तिथंच संपते.

दुसरा उपाय वजनाचा. ८० ते १०० किलो, म्हणजे वाळूच्या २०-२५ किलोच्या चार गोण्या, हौद्यात ठेवल्या की पाटे काम करायला लागतात. गोण्या कुठे ठेवायच्या हे महत्त्वाचं. चाकांच्या दोन कमानींच्या मधोमध किंवा त्याहून पुढे, केबिनच्या बाजूला ठेवा आणि हौद्यातल्या कड्यांना पट्ट्यानं बांधा. फाळक्याजवळ ठेवलेलं वजन ॲक्सलच्या मागे पडतं, तरफेसारखं पुढची चाकं उचलतं, आणि मग स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढचे टायर सरकतात.

गॅरेजमध्ये हटकून मिळणारा तिसरा सल्ला म्हणजे "एक पाटा काढून टाकू". काढू नका. गाडी रिकामी असताना चार दिवस बरं वाटतं. मग माल भरला की उरलेल्या पाट्यांवर भार येतो, ते बसतात, ॲक्सल वरच्या रबरावर आपटायला लागतो आणि पाटा मधल्या बोल्टच्या भोकापाशी तडकतो. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या शॉक ॲब्झॉर्बरवर घाला. पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवयही मोडायला हवी. कुरकुर दोन दिवस थांबते, पण त्या ऑइलला धूळ चिकटून पाट्यांमध्ये घासणारा लगदा तयार होतो आणि टोकांचे रबरी बुश फुगून जातात. आवाज येत असेल तर आधी प्रेशरच्या पाण्यानं वाळका चिखल काढा, मग पाट्यांच्या टोकांमधल्या पट्ट्या झिजल्यात का ते बघा.

मागच्या सीटला मात्र उपाय नाही. पाठ टेकायची बाजू जवळजवळ उभी आहे, कारण तिच्यामागे लगेच केबिनची भिंत येते. बैठक बुटकी, पायाखालची जमीन उंच. त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि सगळा भार कमरेच्या मणक्यांवर जातो. तासाभराच्या प्रवासात काही वाटत नाही, चार तासांत साठीच्या पुढच्या माणसाला उतरून चालता येत नाही. हायलक्सची बैठक थोडी बरी, पण जात तीच. वडीलधारी माणसं नेहमी मागे बसणार असतील तर पिकअप घेऊच नका, एवढं मी ठामपणे म्हणेन. टेस्ट ड्राइव्हला विक्रेते तुम्हाला स्टिअरिंगमागे बसवतात, तिथून गाडी छानच वाटते. तुम्ही मागे बसा, आणि वीस मिनिटं खराब रस्त्यावर न्यायला सांगा.

लांबी ५.३ मीटर आहे, हेही फीत घेऊन पार्किंगमध्ये मोजून बघा. पाच मीटरच्या जागेत नाक किंवा फाळका बाहेर राहतो. आणि इतकी लांब गाडी असूनही हौदा दीड मीटरच्या आसपासच आहे. मोटरसायकल फाळका बंद करून मावत नाही. भाराचा हिशेब आणखी कडक आहे. आरसीवर लिहिलेल्या भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करा, मग त्यातून माणसंही वजा करा. पाच जण म्हणजे साडेतीनशे किलो गेलेच. द्राक्षांचे वीस किलोचे वीस क्रेट म्हणजे चारशे किलो. दोन्ही एका फेरीत जमत नाही.

फोर-बाय-फोरमध्ये दोन्ही गाड्या सारख्या तत्त्वाच्या: नेहमी मागची दोन चाकं (२एच), नॉबनं ४एच (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला) आणि ४एल (चारही चाकं, संथ पण जास्त जोरात). पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) नाही, म्हणून ४एच डांबरावर वापरायचं नाही. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापू पाहतात, त्यांना ते जमत नाही, आणि ताण शाफ्ट, जॉइंट आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत) साठतो. मग स्टिअरिंग अडकल्यासारखं होतं आणि नॉब २एचवर फिरवला तरी डॅशबोर्डवरचा फोर-बाय-फोरचा दिवा विझत नाही. अशा वेळी जोर न लावता गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, ताण सुटतो. उलट बाजूची चूक म्हणजे फोर-बाय-फोर कधीच न वापरणं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर ४एच चालवलं नाही तर पुढचा ॲक्सल जोडणारी यंत्रणा आखडते आणि ऐन चिखलात दिवा लुकलुकत राहतो. दिवा लुकलुकतोय म्हणजे पुढची चाकं अजून जोडलेली नाहीत.

हायलक्सला मागच्या डिफरन्शियलचं लॉक आहे, तिरक्या चढावर एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. व्ही-क्रॉसच्या बीएस-६ फोर-बाय-फोरमध्ये ते काम ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावून करतं. चालतं, पण एकसारखा ॲक्सिलरेटर धरून त्याला दोन-तीन सेकंद द्यावे लागतात, आणि तेवढा धीर सगळ्यांना नसतो. काळ्या जमिनीत मात्र लॉक आणि कंट्रोल दोन्ही दुय्यम. कंपनीच्या रस्त्याच्या टायरच्या खाचा चाकाच्या दहा फेऱ्यांत चिकण मातीनं भरतात आणि चाक गुळगुळीत होतं. ऑल-टेरेन टायर आणि हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवणं, हे पुढचं कुठलंही सामान घेण्याआधी करा. डांबरावर येताच हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. भरली गाडी चढावर रिव्हर्स घ्यायची असेल तर सरळ ४एल टाका. क्लच अर्धा दाबून ढकलत नेली की करपल्याचा वास येतो, आणि या गाड्यांची क्लच प्लेट लवकर जाण्याचं कारण बहुधा हेच असतं.

पाण्यातून नेण्याबद्दल एक गोष्ट फार कमी मालक पाळतात. लांब धावून आलेला ॲक्सल तापलेला असतो. तो थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून ओढ्याआधी दहा मिनिटं थांबा, आणि ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी वर बोनेटपर्यंत नेऊन घ्या. खर्च किरकोळ आहे. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. तसंच चालवत राहिलं तर बेअरिंग गंजतात आणि काही महिन्यांनी मागून घूं-घूं ऐकू येतं.

बीएस-६ गाड्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी डीपीएफची, म्हणजे धुराच्या नळीतल्या काजळी अडवणाऱ्या जाळीची. धुरातली काजळी या जाळीत साठते आणि जाळी खूप तापली की जळून जाते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं न थांबता, २००० आरपीएमच्या वर गाडी धावायला हवी. शहरात साफसफाई अर्धी झालेली असताना मालक गाडी बंद करतो, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेवटी दिवा लागतो, ताकद कापली जाते आणि वर्कशॉपमध्ये मशीन लावून जाळी जाळावी लागते. आणखी एक नुकसान दिसत नाही: अर्धवट राहिलेल्या साफसफाईत जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि वास डिझेलचा आला तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय, ते बदलायलाच हवं. बदलताना डीपीएफसाठीचं कमी राखेचंच ऑइल घ्या. साध्या ऑइलची राख जाळीत कायमची बसते, ती जळत नाही. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास, एवढ्या नियमानं बहुतेकांची ही तक्रार मिटलेली आहे. ज्यांना हायवे मिळतच नाही त्यांनी डिझेल पिकअपचा विचार सोडावा.

डिझेल फिल्टरमधलं पाणी दिवा लागायची वाट न बघता पावसाळ्याआधी आणि नंतर काढा. खालचा स्क्रू सैल करून थेंब थेंब भांड्यात घ्यायचं, पाणी तळाला वेगळं दिसतं. शेतावर बॅरलमधलं डिझेल भरत असाल तर महिन्याला एकदा. इंजेक्टर वाचतात.

स्टेपनी हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते आणि मागच्या बंपरच्या भोकातून दांडा घालून ती खाली सोडायची असते. दोन पावसाळे ती तशीच राहिली की साखळीचा गाडा चिखलानं आणि गंजानं घट्ट बसतो, दांडा फिरतो पण चाक उतरत नाही, आणि हे कळतं ते रात्री, टायर बसल्यावर. सहा महिन्यांतून एकदा पूर्ण खाली सोडा, साखळीला ग्रीस लावा, तिची हवाही तपासा. वर घेताना चाक चेसिसला टेकून घट्ट बसलंय का ते हातानं हलवून बघा. सैल राहिलं तर खडखडून साखळीच झिजवतं.

पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्यानं बिघडतं.

जुनी २.५ लिटर व्ही-क्रॉस आजही उत्तम सौदा आहे, डीपीएफची कटकट नाही म्हणून तर जास्तच. बघायला जाताना अंगात जुना शर्ट घाला आणि आधी गाडीखाली झोपा. किनारपट्टीची गाडी असेल तर चेसिसच्या आतल्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, पापुद्रे निघाले तर तिथूनच परत या. प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, हातानं पिळा, खट् आवाज आला तर क्रॉस गेलाय. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर चाळीस-पन्नासच्या वेगात जमिनीत थरथर येते. पुढच्या लोअर आर्मचे बॉल जॉइंट पहारीनं उचलून तपासा. हे खर्च किमतीतून कमी करून मागता येतात. शेवटी मातीच्या जागेवर ४एल टाकायला सांगा आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर होईपर्यंत बोलणी सुरू करू नका.