सात महिने, सोळा सेशन्स: बडोद्यातला माझा थेरपीचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मांडवीच्या गर्दीत स्कूटरवर असताना एकदम छातीत धडधडायला लागलं, बोटं बधिर झाली, आता संपलं असंच वाटलं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. पण असं आणखी तीनदा झालं आणि मी आमच्या दांडिया बाजाराबाहेर पडायचं सोडलं.

आधी एका समुपदेशकांकडे गेले. वीस मिनिटांत 'सकारात्मक विचार करा' असं सांगून त्यांनी पैसे घेतले. म्हणून कळकळीने सांगते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा. नंतर ज्या सायकॉलॉजिस्टकडे गेले, त्या माझ्या मॅडमनी तो विचारताच सांगितला. त्या औषधं लिहून देत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्टचं.

पहिली दोन सेशन्स नुसते प्रश्नच: झोप, चहा किती, घरात कोण कोण, बाबा कसे गेले. बाबा हार्ट अटॅकने गेले होते. मला वाटलं, उपचार कधी सुरू होणार? गोपनीयतेचं मात्र त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. जिवाला धोका असेल तेव्हाच बाहेर सांगणार, एरवी ह्यांनाही नाही.

मॅडम गुजराती. बाजारात, बँकेत मी गुजरातीच बोलते, पण 'जीव कासावीस होतो' हे गुजरातीत सांगताना अडखळले. 'मराठीतच बोला, नाही समजलं तर मी थांबवीन,' त्या म्हणाल्या. बाबांबद्दल मी खरं बोलले ते त्यानंतरच.

चौथ्या वेळी त्यांनी मला मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावलं. तीच धडधड, तीच बधिर बोटं! मांडवीत जे झालं ते मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतः घडवलं होतं, आणि थोड्या वेळात ते आपोआप ओसरलंही. घरी येऊन खूप रडले, पण घाबरून नव्हे.

मग गृहपाठ. वहीत भीतीच्या पायऱ्या लिहायच्या: सूरसागर तलावापर्यंत चालत, मग न्यायमंदिर, शेवटी संध्याकाळची मांडवी. सेशन पाऊण तासाचं, खरं काम मधल्या आठवड्यात. ज्या आठवड्यात वही उघडली नाही, तो वाया गेला.

नवरात्रात घाई केली. गरब्याच्या मैदानावर गेले आणि धडधड सुरू होताच पळत घरी आले. महिनाभराची मेहनत गेली असं वाटून दोन दिवस जेवण गेलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भीती शिखरावर असताना निघालात, ती उतरताना तुम्ही पाहिलीच नाहीत. पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन गेले, फाटकाजवळ उभी राहिले आणि ती उतरेपर्यंत हलले नाही.

दर सेशनला बाराशे रुपये लागले. नोव्हेंबरपासून पंधरा दिवसांनी जाते. धडधड अजूनही कधीतरी होते. हायवेवर स्कूटर अजून नेलेली नाही, वहीतली तेवढी एक पायरी बाकी आहे. काल संध्याकाळी मात्र मांडवीतून भाजी आणली.