चवथीला रिस्टोअर कोण करणार? व्हेलेरो, कास्टेन आणि डेटाबेसचा स्वतंत्र बॅकअप

म्हापशातल्या एका मित्राची छोटी कंपनी हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवते. तीन नोडचा (मशीनचा) के-थ्री-एस क्लस्टर (के-थ्री-एस म्हणजे कुबरनेटीसची हलकी आवृत्ती), एक पोस्टग्रेस डेटाबेस, आणि पाहुण्यांच्या पासपोर्टच्या स्कॅननी भरलेला एक व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची डिस्क. बॅकअपच्या दोन साधनांपैकी ‘व्हेलेरो घेऊ की कास्टेन?’ असं त्यानं विचारलं. मी उलट विचारलं, ‘चवथीच्या दुसऱ्या दिवशी क्लस्टर बसला तर रिस्टोअर कोण करणार?’ त्याचा एकमेव जाणकार माणूस तेव्हा काणकोणला घरी गणपतीच्या माटोळीखाली बसलेला असतो. ऑफिसात राहतो तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा.

‘एटसीडीचा स्नॅपशॉट निघतोच की,’ हे त्याचं पहिलं उत्तर. एटसीडी म्हणजे क्लस्टर आपल्या नोंदी ठेवतो तो डेटाबेस, आणि स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची नक्कल. निघतो, खरंय. एम्बेडेड एटसीडी असेल तर के-थ्री-एस दिवसातून दोनदा, दुपारी आणि मध्यरात्री १२ वाजता, आपणहून स्नॅपशॉट घेतो आणि शेवटचे ५ ठेवतो. पण त्यात डिप्लॉयमेंट (काय चालवायचं), सीक्रेट (पासवर्ड वगैरे), सर्व्हिस (कुठं पोहोचायचं) यांच्या नोंदी असतात. बुकिंग एकही नाही, स्कॅन एकही नाही. शिवाय वेगळं सांगितलं नाही तर तो त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडून राहतो, आणि नव्या मशीनवर परत आणायला सर्व्हरचं टोकनही हाताशी लागतं. कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा मेंदू) बिघडला तर त्याच्यासारखा तारणहार नाही, म्हणून तो चालू ठेवायचा. त्याला डेटाचा बॅकअप मात्र म्हणायचं नाही.

आता मूळ प्रश्न. व्हेलेरो मोफत आणि ओपन सोर्स आहे, आणि काम कमांड लाइनवरून चालतं. क्लस्टरमधल्या वस्तूंच्या नोंदी तो एसथ्रीसारख्या बकेटमध्ये, म्हणजे क्लस्टरबाहेरच्या साठ्यात, टाकतो. व्हॉल्यूमसाठी एकतर सीएसआय स्नॅपशॉट (स्टोरेजनं स्वतः काढलेला), नाहीतर कोपिया या बॅकअप साधनाच्या मदतीनं फाइलवार नक्कल. मला तो आवडतो तो एका गोष्टीसाठी: अख्खा क्लस्टर गेला तरी नव्या क्लस्टरवर व्हेलेरो बसवून त्याच बकेटकडे बोट दाखवलं की जुने बॅकअप यादीत दिसू लागतात. यादी बकेटमध्येच, क्लस्टरवर भिस्त नाही.

खोड्या मात्र आहेत. के-थ्री-एससोबत येणारं लोकल-पाथ स्टोरेज मुळात होस्टपाथ व्हॉल्यूम, म्हणजे नोडच्याच डिस्कवरचा फोल्डर, बनवतं, आणि व्हेलेरोची फाइलवार नक्कल होस्टपाथ घेत नाही. त्या स्टोरेजला सीएसआय स्नॅपशॉटही नाही. म्हणजे बॅकअप ‘पूर्ण’ दिसतो आणि आत स्कॅन नसतात. दुसरी खोडी अशी की रिस्टोअर करताना जी वस्तू आधीच आहे तिला तो सहसा हातच लावत नाही. बिघडलेल्या नेमस्पेसवरच (क्लस्टरमधल्या अ‍ॅपच्या कप्प्यावरच) रिस्टोअर चालवून ‘काहीच बदललं नाही’ म्हणत डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात एक मीही. बॅकअपची मुदतही, आपण बदलली नाही तर, ३० दिवस असते. मग तो पुसला जातो.

कास्टेन २०२० पासून वीम या बॅकअप कंपनीकडे आहे. ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडतो, अ‍ॅप निवडायचं, तारीख निवडायची, रिस्टोअर म्हणायचं. चवथीला ऑफिसात राहणारा मुलगा हे फोनवर ऐकून करू शकतो, आणि माझ्या लेखी हा मोठा गुण आहे. छोट्या क्लस्टरला, ५ नोडपर्यंत, तो मोफत वापरता येतो (अटी घेण्याआधी स्वतः वाचा). पण त्याचे स्वतःचेच पॉड (क्लस्टरवर चालणारे प्रोग्रॅम) बरेच आहेत, किरकोळ मशीनवर जड जातात. त्याची मदार सीएसआय स्नॅपशॉटवर, म्हणून आधी लाँगहॉर्नसारखं स्टोरेज आणावं लागतं. आणि अख्खा क्लस्टर गेला तर कास्टेनची स्वतःची यादी परत मिळवायला आधीच ठरवलेला पासफ्रेज (लांब पासवर्ड) आणि जुन्या क्लस्टरची ओळख-खूण लागते.

दोघांनाही लागू होणारी एक गोष्ट. स्नॅपशॉट स्टोरेजच्या आतच राहतो, तो बाहेर नेण्याचं काम वेगळं चालू करावं लागतं. पर्वरीच्या आमच्या ऑफिसात एका जुलैत लाईट सारखी जात-येत होती, त्यात स्टोरेजचा बॉक्स गेला आणि त्याच्या पोटातले सगळे स्नॅपशॉटही गेले. चूक आमचीच होती.

डेटाबेसचं काय? चालू पोस्टग्रेसचा व्हॉल्यूम स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्यावर डिस्कवर जे उरतं ते. पोस्टग्रेस त्यातून उठतो बहुधा, पण स्नॅपशॉटनंतरची बुकिंगं नाहीतच. रात्री २ वाजता पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेतला आणि डिसेंबरात संध्याकाळी ७ ला क्लस्टर गेला, तर दिवसभराची बुकिंगं कुठून आणायची? त्यापेक्षा क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर, म्हणजे क्लस्टरमध्ये पोस्टग्रेस सांभाळणारा प्रोग्रॅम, बदलांच्या लॉग-फाइली सतत बकेटमध्ये पाठवतो. फाइल १६ एमबीची, ती भरली नाही तरी मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांनी पुढं जाते. बकेटमध्ये एक मूळ बॅकअपही असला की हव्या त्या क्षणापर्यंत परत जाता येतं. हे काम व्हेलेरोलाही जमत नाही आणि कास्टेनलाही आपसूक नाही.

माझा कौल: पोस्टग्रेस क्लाउडनेटिव्हपीजीवर, हे आधी. बाकीचं मी माझ्यासाठी असतं तर व्हेलेरोवर टाकलं असतं, पण मित्राला कास्टेन सुचवलं, लाँगहॉर्न बसवून. सहावा नोड आला की पुन्हा हिशेब मांडायचा. जाणकार माणूस बारमाही जागेवर असेल तर व्हेलेरो घ्या, मेमरी वाचते, आणि ५ नोडच्या पुढं पैसेही.

त्यानं एका शनिवारी त्या मुलाला रिकाम्या क्लस्टरवर तालीम करायला बसवलं. डॅशबोर्ड वगैरे सगळं त्याला जमलं. मग पासफ्रेज लागला, आणि तो जुन्या क्लस्टरच्याच एका सीक्रेटमध्ये होता, दुसरीकडे कुठंच लिहिलेला नव्हता.